दोन खुंट्यांवर पेललेलं रॉकेट

ह्यूस्टन,
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय संज्या,

हे फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्र लिहायला बसलोय.

शनिवारी दसरा. श्रीखंड-पुरीचं जेवण चाललं होतं आणि बातमी आली: स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटच्या पाचव्या चाचणीला सरकारी परवाना मिळाला, उड्डाण उद्या सकाळीच. मी हिला म्हटलं, निघायचं का? तीही लगेच उठली. सहा तास गाडी चालवून मध्यरात्री टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या साउथ पाद्रे बेटावर पोचलो. पहाटे चारला वाळूवर जागा धरायला गेलो, तर आधीच माणसंच माणसं. पांघरुणं, घडीच्या खुर्च्या, आईच्या मांडीवर झोपलेली पोरं. जोतिबाच्या यात्रेला डोंगरावर मुक्काम पडलेला असतो ना, अगदी तसं.

आणि पाण्यापलीकडे, आठेक किलोमीटरवर, दिव्यांच्या झोतात ते उभं! उंची १२१ मीटर. आपलं चंद्रयान घेऊन गेलेलं एलव्हीएम-३ साडेत्रेचाळीस मीटरचं. तशी जवळजवळ तीन एकावर एक ठेव. आणि सगळं स्टेनलेस स्टीलचं, बरं का.

७ वाजून २५ मिनिटांनी पूर्वेला तांबडं फुटलेलं असताना बुडाखालून पांढरा लोट दोन्ही बाजूंना पसरला. तेहतीस इंजिनं एकदम पेटली. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५च्या साधारण दुप्पट रेटा, आणि आवाज काहीच नाही! आठ किलोमीटर म्हणजे आवाजाला तेवीस-चोवीस सेकंद लागणार, हे ठाऊक होतं, म्हणून मी मनात आकडे मोजत होतो. अठरापर्यंत मोजले आणि पुढे विसरूनच गेलो. आधी पायाखालच्या वाळूतून गुरगुर आली. मग कोरडी तडतड, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी, पण ती बरगड्यांच्या आत. हिच्या हातातल्या चहाच्या पेल्यावर बारीक तरंग उठत होते.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली पहिली चाचणी आपण व्हिडिओ कॉलवर बघितली होती, आठवतंय? चौथऱ्याचं काँक्रीट उखडून उडालं आणि चार मिनिटांत सगळं आकाशातच फुटलं. तू म्हणाला होतास, "ओतकाम पहिल्या खेपेला कधी जमतं का?" दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही बूस्टर, म्हणजे यानाला वर ढकलणारा खालचा भाग, हातचा गेला. जूनमध्ये चौथ्यांदा तो समुद्रावर अलगद उतरला. आता स्पेसएक्सवाले म्हणत होते की ७१ मीटरचा तो बूस्टर सुटला त्याच मनोऱ्याकडे परत आणायचा आणि मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी हवेतच धरायचा. त्याला पायच नाहीत, संज्या. वरच्या अंगाला दोन छोट्या खुंट्या, दोनशे टनांहून जास्त वजन त्यांच्यावर पेलायचं. शिरोलीच्या कारखान्यात क्रेनला जड कास्टिंग (ओतीव भाग) लटकलं की तू श्वास रोखून उभा राहतोस, तुला हे वेगळं समजवायला नको.

सात मिनिटंही झाली नव्हती. कुणीतरी ओरडलं, वर बघा! एक काळा ठिपका सरळ खाली येत होता, दगडासारखा. जाळ नाही, काही नाही. माझ्या पोटात गोळा आला, वाटलं, गेलं. तेवढ्यात तेरा इंजिनं पेटली, वेग मोडला, मग तीनच उरली. किंचित तिरपा होऊन तो मनोऱ्याकडे सरकला, सरळ झाला, आणि दोन्ही हात मिटले. त्याच सुमारास वरून धडाडधूम आवाज आला, छातीवर कुणी थाप मारावी तसा. बूस्टर लटकलेला! बुडाशी थोडा जाळ दिसत होता, पण तो जागचा हलला नाही.

मी रडलो रे. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, कोण कुठले माहीत नाही, त्यांनी मला मिठीच मारली. मलाही सोडवेना.

वरचं यान तासाभराने तुमच्या बाजूला, हिंदी महासागरात, ठरल्या जागी उतरलं. ते आम्ही गाडीत बसून फोनवर बघितलं. रस्ता तर गाड्यांनी तुंबलेलाच होता.

तू आता एक कर. त्या क्षणाचं चित्रीकरण सावकाश लावून बघ. हात मिटल्यावर बूस्टर जरासा खाली सरकतो आणि खुंट्या टेकतात, तिथे थांबव. एवढ्याशा जागेवर एवढा भार, तोही नुकत्याच तापलेल्या धडाचा! तिथली जोडणी कशी केली असेल, कुठलं स्टील, किती जाडीचं? मला रात्रभर तेच सुचतंय. तुझा अंदाज सविस्तर लिहून पाठव, आणि जमलं तर पेन्सिलने आकृती काढ.

काकूंना नमस्कार. वहिनींना आणि पोरांना आमचं दसऱ्याचं सोनं.

तुझा,
अव्या