बोटीच्या बॅटऱ्यांबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबा "हो हो, बघतो" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. आई, तू हे मोठ्याने वाचून दाखव, आणि ते मधेच उठून पडवीत गेले तर मागून जाऊन वाच.

बाबा, जूनमध्ये बोट आंजर्ल्याच्या खाडीत पावसाळ्यासाठी शाकारल्यावर तुम्ही दोन्ही बॅटऱ्या घरी आणल्यात ते फार बरं केलंत. मी निघायच्या आदल्या रात्री मीटर लावला होता, तेव्हा तुम्ही झोपला होतात. आठ महिन्यांपूर्वी घेतलेली नवी बॅटरी 12.0 व्होल्ट दाखवत होती आणि जुनी 12.6. नवी पाव भरलेली आणि जुनी जवळजवळ फुल्ल, असं उलटं कसं? मग जुनीची बुचं उघडली तर आत पाणीच नाही, प्लेटा उघड्या पडलेल्या.

तुम्ही दुकानदाराला शिव्या घालताय, पण यात त्याचा दोष नाही. इंजिन 24 व्होल्टवर चालू होतं म्हणून दोन बॅटऱ्या एकीला एक जोडल्यात, बरोबर. पण फिशफाईंडर, जीपीएस, व्हीएचएफ म्हणजे बोलायचा वायरलेस आणि लाईट, हे सगळं 12 व्होल्टचं, आणि आपल्या वायरमनने ते सरळ खालच्या एकट्या बॅटरीवरून काढलंय. म्हणजे रात्रभर जाळं टाकून बसलात की एकच बॅटरी उतरते, दुसरी आरामात. सकाळी इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवरचा चार्ज करणारा डायनामो, दोघींना सारखाच करंट ढकलतो, त्याला काय माहीत कोण उपाशी आणि कोण जेवलेलं. भरलेली उकळते, तिचं पाणी उडतं, रिकामी अर्धवटच राहते. अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं, ते कडक झालं की मग कितीही चार्ज करा. नोव्हेंबरात रात्री इंजिन नुसतं टक टक करून बसलं आणि दुसऱ्या बोटीने दोर टाकून बंदरात आणलं, ते याच्यामुळेच. त्यानंतर तुम्ही फक्त खालची बदललीत आणि वायर तीच ठेवलीत, मग ही पण त्याच वाटेने गेली.

माझं एवढंच म्हणणं आहे की या वेळी अर्धं काम करू नका. इंजिनसाठी दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे किती करंट साठतो त्याचा आकडा) घ्या, वर मारलेली तारीख दोघींवर बघून घ्या, दुकानात सहा महिने पडून असलेली नको. जुन्या दोन्ही परत देऊन तेवढे पैसे कमी करून घ्या. आणि 12 व्होल्टसाठी तिसरी वेगळी बॅटरी, ती मात्र ट्यूब्युलर. इंजिनच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ, एका झटक्यात भरपूर करंट देतात पण रोज रोज खाली उतरवलेलं त्यांना सोसत नाही, ट्यूब्युलरला सोसतं. मी हिशोब केलाय, आपलं सगळं मिळून साधारण 6 अँपिअर, 12 तासांचे 72, आणि बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हणजे 150 एएच. ती उंच असते आणि 50 किलोच्या वर भरते, तेव्हा आधी खालच्या पेटीची उंची मोजा नाहीतर दुकानातून आणून परत न्यायची वेळ. ती चार्ज व्हायला 24 वरून 12 चा चार्जर लागेल, तो मी बघतेय.

तुम्ही मोबाईलवर लिथियमचं बघितलंत ते मला माहितीये. हलकी असते, टिकते जास्त, खोटं नाही. पण आपल्या इंजिनला नको. तिच्या आतलं सर्किट भर समुद्रात कधी ट्रिप झालं तर काय करणार, आणि जुना अल्टरनेटर तिच्या भुकेला पुरणार नाही, गरम होऊन जळायचा.

आई, आता तुझं काम. बॅटऱ्या देवघराच्या भिंतीला लावून ठेवल्यात ना, त्या पडवीत हलवायला सांग. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि तू तिथेच निरांजन लावतेस!! खाली फळी हवीच असा तुझा हट्ट आहे, हल्लीच्या प्लास्टिकच्या बॅटऱ्यांना जमिनीने काही होत नाही, पण राहू दे फळी. जुनीत प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाल, विहिरीचं अजिबात नको, ॲसिड तर कधीच नाही. चार्ज पूर्ण झाल्यावर मग वरच्या खुणेपर्यंत. काचेची ती नळी आहे ना हायड्रोमीटरची, ती डेअरीत दुधाची डिग्री बघतात तशीच, बाबांपेक्षा तुलाच चांगली वाचता येईल. सहाही सेल बघ आणि वहीत लिही, एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर तो गेला. जुनी साडी नेस, मागच्या वेळी निळ्या साडीला भोकं पडली होती ते विसरू नकोस.

बोटीवर चढवताना पेट्यांना झाकण आणि पट्टा पाहिजेच. बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं, खारं पाणी ॲसिडात गेलं तर क्लोरीन होतो, बंद जागेत तो जीव घेईल. टर्मिनलवरची निळसर पावडर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, बुचं घट्ट लावून, मग व्हॅसलीन. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी.

1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठतेय, मी 26 च्या रात्रीच्या गाडीने निघतेय, तोपर्यंत वायरमनला हात लावू देऊ नका. बॅटऱ्या आपण दापोलीला जाऊन एकत्रच घेऊ. माझा जुना मीटर पत्र्याच्या डब्यात आहे, त्यातला सेल आधी काढून ठेवा, दोन पावसाळे तसाच पडलाय, पाणी सुटलं असेल.

तुमची,
ताई