अधीक्षिका मॅडम, त्या चिठ्ठीसाठी

आदरणीय अधीक्षिका मॅडम,

सेवा जोहार.

तुमचं आणि शाळेचं नाव इथं मुद्दाम टाकत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलपट्ट्यातली एक आश्रमशाळा, एवढंच पुरे. भाची आता बरी आहे. दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ होतं, आणि सिकलसेल एसएस, म्हणजे मायबाप दोघांकडून आलेला रक्ताचा आजार असलेल्या लेकराला तेवढं असलं की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो. तिच्या मायला लिहिता येत नाही. म्हणून घरच्या सगळ्यांच्या वतीनं मी, तिचा मामा, लिहितो आहे.

रात्री तिला १०८ च्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवताना तुम्ही तिच्या स्वेटरच्या खिशात वहीचा एक कागद घडी करून घातला होता. तो मी जपून ठेवला आहे. जसा होता तसा उतरवतो:

"वजन ३३ किलो. सिकलसेल एसएस. हायड्रॉक्सीयुरिया ५०० रोज रात्री एक. कालची घेतली, आजची दिलेली नाही. ताप सायंकाळी ६.४० ला १०१.६. पॅरासिटामॉल ५०० एक, ७ वाजता. ७.१५ ला उलटी, गोळी उलटीत दिसली, पुन्हा दिली नाही. मलेरियाची टेस्ट आशाताईंनी केली, निगेटिव्ह. दुपारपासून पाणी फक्त तीन ग्लास. लघवी शेवटची ५ वाजता. पोट फुगलेलं नाही. दम लागत नाही. दोन्ही पाय आणि पाठ दुखते. दुखणं गोंडीत विचारा. मराठीत विचारलं तर 'काही नाही' म्हणते."

हायड्रॉक्सीयुरिया ही तिची सिकलसेलची रोजची कॅप्सूल. मी आरोग्य सेवक आहे. रेफर केलेल्या पेशंटसोबत येणारे कागद रोज बघतो. 'ताप आहे, पुढील उपचारासाठी पाठवत आहे' यापलीकडे बहुतेकांत काही नसतं. तुमच्या कागदातली एकही ओळ वाया जाणारी नव्हती. गोळी उलटून पडली हे लिहिलं होतं, म्हणून डॉक्टरांना पुढचे सहा तास थांबावं लागलं नाही. नुसतं 'सात वाजता पॅरासिटामॉल दिली' असं असतं, तर गोळी पोटात आहे असंच धरलं असतं आणि लेकरू तापानं तळमळत राहिलं असतं. पाणी किती आणि लघवी केव्हा, हे वाचून सलाईनचा निर्णय लवकर झाला. ताप १०१ च्या वर गेल्याबरोबर तुम्ही गाडी बोलावली, हे तर सगळ्यात मोठं. या लेकरांची पाणथरी (प्लीहा) नीट काम करत नाही, रक्तात जंतू शिरले तर काही तासांत जिवावर बेतते. त्यांचा ताप गोळी देऊन 'सकाळी बघू' म्हणण्याचा नसतो. तापासोबत अँटिबायोटिक लागते, तीही उशीर न करता.

पण मॅडम, आम्हाला रडवलं ते शेवटच्या ओळीनं. पोरगी मराठीत 'काही नाही' म्हणते, हे घराबाहेरच्या कुणाच्या ध्यानात आलं होतं? दवाखान्यातल्या एका सिस्टरला गोंडी येत होती. त्यांनी दहा बोटं समोर धरली आणि किती बोटांएवढं दुखते ते विचारलं. पोरीनं आठ दाखवली. तोवर दुखण्याबद्दल तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. आठ बोटांचं दुखणं साध्या गोळीनं जात नाही, त्याला वेगळं औषध लागते, आणि ते तिला त्याच रात्री मिळालं.

याआधीच्या वसतिगृहात हेच 'काही नाही' तिच्या विरोधात वापरलं गेलं. नाव घेत नाही. "विचारलं तर काही नाही म्हणते, अन् प्रार्थनेच्या टायमाला झोपून राहते. नाटक करून राहिली," असं तिथून ऐकायला मिळायचं. गोळ्या ऑफिसच्या कपाटात, चावी एकाच माणसाजवळ, तो शनिवारी दुपारी गावाला गेला की सोमवारपर्यंत गोळी बंद. रजिस्टरमध्ये मात्र शनिवार-रविवारच्याही टिकल्या. डोळे पिवळे दिसतात म्हणून तिचं ताट वेगळं ठेवलं होतं. सिकलसेलमध्ये लाल पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात, त्यातून डोळ्यांत पिवळेपणा येतो. तो कुणाला लागत नाही. हा आजार मायबापाकडून रक्तात येतो, ताटावाटीतून येत नाही. एवढी गोष्ट जिथं लेकरं राहतात तिथल्या माणसांना माहीत नसावी? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू आहे, शाळाशाळांत तपासणी होते, कार्ड मिळते. कार्ड फायलीत आणि पोरगी थंड पाण्याच्या टाक्यापाशी, असं चालणार असेल तर त्या तपासणीचा उपयोग काय?

तुमच्याकडे आल्यावर मी तुमची औषधांची वही पाहिली. शंभर पानी साधी वही. तारीख, वेळ, औषध, सही असे रकाने सगळीकडे असतात. तुमच्या वहीत 'उरल्या किती' हा एक जास्तीचा रकाना आहे. टिकली कुणीही मारू शकते, पण महिन्याच्या सुरुवातीला ३० कॅप्सूल आणि १२ तारखेच्या रात्री हातात १८ उरल्या, हे खोटं लिहिता येत नाही. एखादी जास्त उरली की त्याच दिवशी कळते. आणि राहून गेली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत, हेही तुम्ही पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं आहे. हायड्रॉक्सीयुरियाचा गुण यायला काही महिने लागतात. मधेमधे खंड पडला की कमावलेलं जाते. औषध फुकट मिळते, सातत्य मात्र माणसालाच ठेवावं लागते.

बारीकसारीक गोष्टीही तुम्ही विचारून घेतल्या. कॅप्सूल हातात न घेता डबीच्या झाकणात पाडायची, तिथून तोंडात, मग हात धुवायचे. ती फोडून पाण्यात कालवायची नाही. पोरीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची नाही, कारण एप्रिलमध्ये टिनाच्या छपराखाली ती पेटी तापते आणि कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. तुम्ही ती स्टीलच्या डब्यात, धान्याच्या खोलीतल्या थंड कोपऱ्यात ठेवली, आणि दुसरी चावी स्वयंपाकाच्या ताईंजवळ दिली. पिवळी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज. आठवड्याची निळी लोहाची गोळी मात्र सगळ्या पोरींना रांगेत वाटताना तुम्ही हिची बाजूला काढली आणि मला फोन केला. तुमचं बरोबर होतं. अशा लेकरांची रक्ताची कमतरता बहुतेक वेळा लोहाच्या कमीनं नसते, आणि रक्त चढवून चढवून अंगात लोह आधीच साठलेलं असू शकते. तपासल्याशिवाय ती गोळी द्यायची नाही. जंताची गोळी द्यायला हरकत नसते, ती तुम्ही दिली.

पाण्याचं तर काय सांगू! दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, नाहीतर रक्त घट्ट होऊन त्या विळ्यासारख्या पेशी बारीक नसांत अडकतात आणि हातपाय फुटल्यासारखे दुखतात. पण जास्त पाणी म्हणजे जास्त लघवी. या लेकरांच्या किडन्या लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळं रात्री दोन-तीनदा उठावंच लागते, कधी अंथरुणातही होते. भीतीपोटी पोरी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि पहाटे दुखणं उठते. तुम्ही तिची जागा संडासाच्या वाटेवरच्या दाराजवळ केली, व्हरांड्यातला लाइट रात्रभर चालू ठेवला, आणि नववीच्या दोन पोरींना सोबत जायला सांगितलं. गारठ्यानंही दुखणं उठते, म्हणून हिवाळ्यात अंघोळीला चुलीवर तापवलेलं हंडाभर पाणी. दुखत्या सांध्यावर बर्फ नाही, कोमट शेक. यातल्या कशालाही वेगळं अनुदान लागलं नाही.

त्या नववीच्या पोरी, चुलीवर पाणी ठेवणाऱ्या ताई, रात्री गाडीला बॅटरी दाखवत फाट्यापर्यंत गेलेले चौकीदार काका, आणि टेस्ट करायला अंधारात आलेल्या आशाताई, सगळ्यांना आमचा जोहार सांगा. आमच्या भागात रस्ते वाईट, दवाखाने दूर, जागा रिकाम्या, हे खरंच आहे आणि त्यासाठी भांडत राहूच. तरी लेकरं जगतात ती अशा माणसांच्या जिवावर, ज्यांना दुसऱ्याच्या पोरीचं दुखणं आपल्या दारातलं वाटते. अशी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिलं.

आता कामाचं. दिवाळीच्या सुटीत गोळ्या घरी आम्ही देऊ. सोबत वहीतला शेवटचा आकडा लिहून पाठवा, परत येताना आम्ही आमचा आकडा लिहून देऊ. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय पुढच्या महिन्याच्या कॅप्सूल सुरू करायच्या नाहीत, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघाव्या लागतात. रक्ताचा नमुना घ्यायला मी येईन. तेव्हा तुमच्या वहीच्या एका पानाचा फोटो काढू द्या, पोरींची नावं झाकून. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या बाकीच्या वसतिगृहांना तो 'उरल्या किती'चा रकाना दाखवायचा आहे.

तुमचा ऋणी,
सहावीतल्या एका पोरीचा मामा