कळसूबाईच्या मापाने बेन नेव्हिस मोजू नका

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत स्कॉटलंडच्या हायलँड्समधील भटकंतीवर लेख आला. फोटो सुरेख होते. पण त्यातली तीन विधानं खरी धरून कोणी विमानात बसलं, तर सुट्टीचा विचका व्हायचा. जुलै महिना उत्तम. तंबू कुठेही ठोकायला कायद्यानं मोकळीक आहे. आणि बेन नेव्हिस हा तिथला डोंगर १३४५ मीटरच, म्हणजे कळसूबाईहून ३०१ मीटर बुटका, तेव्हा सह्याद्रीत फिरणाऱ्याला किरकोळ.

आधी जुलैचं बघू. पश्चिम हायलँड्समध्ये मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत 'मिज' नावाची चिलटं असतात आणि जुलै-ऑगस्ट हा त्यांचा ऐन बहर. पंख जेमतेम दीड मिलिमीटरचे, त्यामुळे साध्या मच्छरदाणीतून ती आरामात आत शिरतात. चावते ती मादी, आणि चावताना तिनं सोडलेल्या गंधावर बाकीच्या गोळा होतात. वाऱ्याचा वेग ताशी ११ किलोमीटरच्या वर गेला की त्यांना उडता येत नाही. लख्ख उन्हातही त्या दबून असतात. त्रास होतो तो ढगाळ, दमट, वारा पडलेल्या सकाळ-संध्याकाळी. आणि जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहानंतर मावळत असल्यानं संध्याकाळ संपता संपत नाही.

इथे आपली सह्याद्रीतली सवय आड येते. आपण आडोसा शोधतो: झाडी, खोलगट भाग, ओढ्याकाठची मऊ सपाटी. ते तर चिलटांचं माहेरघर. त्यापेक्षा झुळूक लागेल असा उंचवटा घ्यावा आणि तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करावी. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, भुसभुशीत जमिनीत सळईसारख्या बारीक खुंट्या सहज उपटून येतात. लांब, रुंद पात्याच्या खुंट्या तिरप्या ठोकाव्यात आणि वर दगड ठेवावा. डोक्यावरून घ्यायची जाळी तिथल्याच दुकानातून, खास मिजसाठी विणलेली घ्यावी. डीट हे कीटक पळवणारं रसायन असलेलं औषध अंगाला लावलं तर चालतं, पण ते प्लास्टिक खातं. चष्म्याची फ्रेम आणि घड्याळाचा पट्टा सांभाळा.

खरा धोका चावण्यात नाही. वैतागून माणसं स्टोव्ह तंबूत घेतात, चेन लावतात आणि चहा टाकतात. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि दिवसभर चालल्याचा शीण असेल असं वाटतं. म्हणून स्टोव्ह बाहेरच पेटवावा आणि शिधा असा न्यावा की दोन मिनिटांत उरकेल. भाजके पातळ पोहे आणि मेतकूट याला तोड नाही, स्टोव्हच लागत नाही. घरी भाजून नेलेल्या रव्याच्या उपम्याला उकळतं पाणी पुरतं. तूप, दुधाची पावडर, पेढे मात्र घरीच ठेवा; भारतातून ब्रिटनमध्ये दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. गॅसचा डबा विमानात चालत नाही. तो ग्लासगोत किंवा बेन नेव्हिसच्या पायथ्याच्या फोर्ट विल्यममध्ये विकत घ्यावा, आणि आपला बर्नर आट्यांचा आहे की टोचून बसवायचा, हे निघण्याआधी बघावं.

तर जायचं कधी? मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत. चिलटं अजून निघालेली नसतात, पाऊस तुलनेनं कमी, दिवस मोठा, आणि आपल्या शाळांना सुट्टीही तेव्हाच. गोचिडी मात्र मेमध्येही असतात. नेच्यांच्या रानातून चालताना पँट मोज्यात खोचावी आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेला बघावं. बारीक चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढावी. तेल, रॉकेल, तंबाखू असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या महिनाभरात चाव्याभोवती लाल चकंदळ पसरलं तर लाइम रोगाची शंका घेऊन डॉक्टरांना स्कॉटलंडला गेल्याचं आवर्जून सांगावं. नाहीतर इथे ते सहसा त्यांच्या डोक्यात येणार नाही.

कायद्याचं अर्धं खरं आहे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं स्कॉटलंडमध्ये खासगी जमिनीवरही जबाबदारीनं फिरण्याचा आणि तंबूत राहण्याचा हक्क दिला आहे. इंग्लंडमध्ये तंबूचा असा हक्क नाही, डार्टमूर या माळरानाचा अपवाद सोडल्यास. पण त्या हक्कात मोटार बसत नाही. तंबू थोडे आणि हलके असावेत, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त राहू नये, घरं, रस्ते आणि कुंपणातलं पीक यांपासून लांब राहावं. शौचाला पाण्यापासून किमान ३० मीटर दूर, खड्डा खणून. पीटवर शेकोटी नकोच; वरून विझलेली आग आत धुमसत राहते. आणि लेखातून नेमकं हेच सुटलं: लोमंड सरोवर व ट्रॉसॅक्स राष्ट्रीय उद्यानाच्या ठरावीक पट्ट्यांत १ मार्च ते ३० सप्टेंबर परवान्याशिवाय तंबू लावणं गुन्हा आहे. लेखात सुचवलेली १५४ किलोमीटरची 'वेस्ट हायलँड वे' ही वाट त्या सरोवराच्या पूर्वकाठच्या अशाच पट्ट्यातून जाते. परवाना ऑनलाइन मिळतो. मुंबईहून निघण्याआधीच काढावा.

आता कळसूबाई. तिच्या पायथ्याचं बारी गावच समुद्रसपाटीपासून बरंच वर आहे. बेन नेव्हिसची वाट जवळजवळ समुद्रसपाटीवरून सुरू होते, म्हणजे चढ १३०० मीटरच्या आसपास. माथा खालच्या गावापेक्षा आठ-नऊ अंशांनी थंड असतो आणि मेमध्येही वर बर्फ असतो. चढताना कोणी फारसं चुकत नाही. चुकतात ते उतरताना, धुक्यात. माथ्यावर १८८३ ते १९०४ हवामान वेधशाळा होती. तिथली माणसं ज्या घळीत केरकचरा टाकत, ती गार्डीलू घळ वाटेच्या उत्तरेला अगदी लगत आहे. कड्यावरून पुढे आलेला बर्फ जमिनीसारखाच दिसतो, त्याखाली काही नसतं. तिला घाबरून फार डावीकडे सरकलं तर फाइव्ह फिंगर घळ. म्हणून माथ्यावरच्या सर्वेक्षण खांबापासून नकाशाच्या जाळीनुसार २३१ अंशांच्या दिशेनं १५० मीटर चालावं, मग २८१ अंशांच्या दिशेनं पठार संपेपर्यंत. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात हे घरीच मोजून ठेवावं. धुक्यात १५० मीटरचा अंदाज डोळ्यांनी येत नाही.

वेळेचा हिशेब स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांच्या १८९२ च्या सूत्रानं होतो: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ३०० मीटर चढाला अर्धा तास. 'वेस्ट हायलँड वे'वरचा किंग्जहाउस ते किनलॉकलेव्हन हा टप्पा १४ किलोमीटर आणि सुमारे ४०० मीटर चढ, म्हणजे साडेतीन तास. पाठीवर तंबू आणि पायाखाली चिखल असेल तर पाच धरा. रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. तिथलं सिम घेतल्यावर 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत ९९९ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला एसएमएस करून नोंदणी करून ठेवावी. फोन लागत नाही तिथेही कधी कधी मेसेज जातो. फोन लागलाच तर आधी पोलीस मागावेत, मग माउंटन रेस्क्यू.

शेवटी एक बारीकशी दुरुस्ती. 'वेस्ट हायलँड वे' जिथून सुरू होते त्या गावाचं नाव लेखात 'मिल्नगावी' छापलं आहे. स्पेलिंग तसंच आहे, पण ग्लासगोच्या तिकीट खिडकीवर 'मल्गाय' म्हणावं.

आपला,
एक वाचक, पुणे