जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे गिअर ऑईल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑटोमॅटिक गाड्या आता सेकंड-हँड बाजारातही सहज मिळतात. मात्र लाखभर किलोमीटर धावलेली गाडी घेणाऱ्याला गिअर ऑईलबाबत दोन सल्ले हमखास ऐकावे लागतात. ‘हे ऑईल कधी बदलावेच लागत नाही’ हा एक, आणि ‘इतकी चालल्यावर बदललेत तर गिअरबॉक्सच बसेल’ हा दुसरा. या दोन्हींपायी चांगल्या गाड्या अकाली निकामी होतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअर यांना ऑईलच्या प्रवाहाने जोडणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्समध्ये हे ऑईल निव्वळ वंगण नसते. त्याच्याच दाबावर आतले क्लच पकडतात आणि सुटतात, इंजिनाची शक्ती कन्व्हर्टरमधून तेच पुढे नेते आणि आतली उष्णताही तेच वाहून नेते. उष्णतेने त्याचे गुण हळूहळू कमी होतात. पुण्या-मुंबईतली रखडत चालणारी वाहतूक, एप्रिल-मेचा उन्हाळा आणि घाटाची चढण यांचा विचार केला, तर आपल्याकडे ऑईल लवकरच बदलायला हवे. अनेक युरोपीय गाड्यांसाठी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनीसुद्धा आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा फार तर आठ वर्षांनी, बदलण्याची शिफारस करते.

दुसऱ्या भीतीचे मूळ वेगळे आहे. गिअर घसरू लागल्यावर, म्हणजे क्लच झिजून गेल्यावरच बहुतेकांना ऑईल आठवते, आणि पुढे गिअरबॉक्स बसला की खापर नव्या ऑईलवर फुटते. गिअर नीट पडत असतील, तर जुन्या गाडीत मशीनने जोराचे फ्लशिंग करण्याऐवजी, म्हणजे दाबाने सगळे ऑईल ढकलून काढण्याऐवजी, ड्रेन नट उघडून निघेल तेवढे ऑईल काढावे आणि तेवढेच नवे भरावे. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे ऑईलच निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहते. म्हणून काही हजार किलोमीटरनंतर हेच पुन्हा करावे. मात्र ड्रेन नट सोडण्यापूर्वी ऑईल भरायचा नट सुटतो ना, हे मेकॅनिकने आधी पाहावे. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचे ऑईलचे भांडे, उतरवलेच, तर त्यातल्या लोहचुंबकावर बोटाला मऊ लागणारा करडा लगदा दिसतो. तेवढी झीज होतेच. टोचणारे धातूचे तुकडे दिसले, तर मात्र निव्वळ ऑईल बदलून भागणार नाही. पातळी तपासायची ती कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच, कारण गरम ऑईल फुगते.

ऑईल कोणते, हा प्रश्न तर याहून महत्त्वाचा. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा), ड्युअल क्लच (दोन क्लचचा) आणि टॉर्क कन्व्हर्टर या तिन्ही प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची ऑईल वेगवेगळी असतात आणि एएमटीचा (क्लच व गिअर यंत्रणेने आपोआप बदलणारा) गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असल्याने त्याला त्याचेच गिअर ऑईल लागते. असे असूनही माझ्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘गिअर ऑईल’ एवढेच छापलेले होते. ग्रेड विचारल्यावर काउंटरवरच्या व्यक्तीला सांगता आला नाही.

वाहन कंपन्यांनी ऑईलची मुदत आपल्या हवामानाला धरून मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापावी आणि सर्व्हिस सेंटरांनी बिलावर ऑईलचा ग्रेड, भरलेले लिटर आणि त्या वेळचे किलोमीटर लिहिणे बंधनकारक व्हावे, अशी माझी मागणी आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ही नोंद इंजिन ऑईलच्या नोंदीइतकीच हक्काने मागता आली पाहिजे.

आपला,
एक वाचक, पुणे