पांढरा कुत्रा म्हणजे ‘अल्बिनो’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान जातीच्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्यांना सरसकट ‘अल्बिनो’ (म्हणजे जन्मतःच रंगद्रव्याचा अभाव असलेले) म्हटले जाते आणि गुलाबी नाकाचे पिल्लू ‘दुर्मीळ’ म्हणून चढ्या भावाने विकले जाते, हे पाहून लिहीत आहे.

वेस्ट हायलँड व्हाइट टेरियरचे केस पांढरे असले, तरी नाक, ओठ आणि डोळ्यांच्या कडा काळ्याभोर असतात. म्हणजे काळे रंगद्रव्य बनवण्याची त्याची क्षमता शाबूत असते. मात्र ‘एमसी१आर’ जनुकाची निकामी प्रत आई आणि वडील या दोघांकडूनही आल्यामुळे केसांत फक्त लालसर-पिवळे रंगद्रव्य उतरते, आणि तेही इतर जनुकांच्या प्रभावाने इतके फिके पडते की केस पांढरा दिसतो. काहींच्या कानांवर लिंबूसर छटा उरते, ती त्याचीच खूण.

खरा अल्बिनिझम वेगळा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ल्हासा आप्सो, पेकिंगीज आणि पॉमेरेनियनमधील अल्बिनिझमचा संबंध ‘एसएलसी४५ए२’ या जनुकातील बदलाशी जोडला. अशा कुत्र्यांचे नाक कायम गुलाबी राहते, डोळे फिकट असतात आणि त्यांना उन्हापासून जपावे लागते.

निरोगी पांढऱ्या पिल्लाचे नाकही जन्मतः गुलाबीच असते आणि पुढील काही आठवड्यांत काळे होते. आमच्या शेजाऱ्यांनी महिन्याभराचे असेच पिल्लू दुप्पट पैसे मोजून आणले होते. त्याचे नाक काळे होताच ते आजारी पडले, असे समजून घरातील मुले रडली. विक्रेत्यांनी पिल्लाचे आई-वडील ग्राहकाला दाखवावेत, एवढी तरी अट हवी.

– एक श्वानप्रेमी वाचक, पुणे