बायोप्सीचा तुकडा आणि नातेवाइकांची पिशवी

संपादक महोदय,

बेळगावात बायोप्सीचे, म्हणजे कॅन्सरच्या तपासणीसाठी रुग्णाच्या शरीरातून काढलेले, तुकडे तपासणाऱ्या एका लॅबमध्ये मी सहायक म्हणून काम करतो. ‘रिपोर्ट कधी मिळणार?’ हा प्रश्न आमच्या खिडकीवर रोजचाच. खानापूर, चिक्कोडी, अथणीहून बस धरून आलेल्या माणसाने तो विचारला तर रागवायचे काय? पण तुकडा आमच्या हाती पडतो तेव्हा कोणत्या अवस्थेत असतो, हे कोणी विचारत नाही.

शरीरातून काढलेला तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवात, पडायला हवा, आणि द्रव तुकड्याच्या निदान दहापट. काही लहान दवाखान्यांतून तो सलाईनमध्ये येतो. सलाईनमध्ये पेशी टिकत नाहीत, नासतात. निपाणी भागात तंबाखू, त्यात घरोघरची मिश्री. तोंडातले तुकडे आमच्याकडे कमी नाहीत. असा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तो गॉजला चिकटून वाळला की पॅथॉलॉजिस्टने बघायचे काय? कोणी काळजीपोटी बर्फात घालून आणतात. गोठला की पेशी फुटतात. स्तनाची अख्खी गाठ तर अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेली असते. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते, त्यामुळे न चिरलेल्या गाठीचा गाभा कच्चाच राहतो. पुढे कॅन्सरच्या पेशींत ठरावीक प्रथिने आहेत का हे पाहणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांवर औषध ठरायचे असते. त्यासाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास राहिलेला लागतो. फॉर्मवर तुकडा काढल्याची वेळ राहू द्या, डावी बाजू की उजवी एवढेही कधी कधी नसते.

यात नातेवाइकांचा दोष नाही. हातात पिशवी देऊन ‘बेळगावला नेऊन द्या’ एवढेच त्यांना सांगितलेले असते. झाकण सैल असले की बसमध्ये फॉर्मॅलिन सांडते आणि शेजारच्यांचेही डोळे झोंबतात.

आमच्याकडे आल्यावर तुकडा रात्रभर अल्कोहोल, झायलीन आणि मेणातून जातो, मग त्याचा ब्लॉक, म्हणजे तुकडा आत बसवलेला मेणाचा ठोकळा, बनतो. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काचेवर घेऊन रंगवतात. हाडाचा तुकडा असेल तर आधी अ‍ॅसिडमध्ये मऊ करावा लागतो, त्यात आणखी दिवस जातात. खिडकीवर आवाज चढवल्याने मेण लवकर थिजत नाही.

हा ब्लॉकही जपायची वस्तू आहे. लोक रिपोर्टला लॅमिनेशन करून घेतात आणि ब्लॉकचे नावही काढत नाहीत. मिरज, मुंबईचे टाटा किंवा बंगळूरच्या किदवाई कॅन्सर रुग्णालयात गेल्यावर तिथले डॉक्टर स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागतात, मग त्यासाठी पुन्हा बेळगावची फेरी. निघतानाच लॅबकडे लेखी अर्ज करून ते घ्यावेत. मे महिन्यात बंद गाडीत काचेपाशी ठेवू नयेत, मेण वितळते.

तालुक्याच्या डॉक्टरांना एक विनंती आहे. रुंद तोंडाच्या, फॉर्मॅलिन भरलेल्या बाटल्या दवाखान्यात आधीच आणून ठेवा. खर्च फार नाही. बाटलीबरोबर काय करावे, काय करू नये याची कन्नड आणि मराठीत छापलेली चिठ्ठी द्या. आणि फॉर्म नातेवाइकाच्या हाती द्यायच्या आधी स्वतः भरा; गाठ कुठे होती हे त्या बिचाऱ्याला आम्ही खिडकीतून विचारायचे म्हणजे फारच झाले.

– एक लॅब सहायक, बेळगाव