एसीचा गॅस दरवर्षी संपतो कसा?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की ठाण्यात घरोघरी एसीच्या सर्व्हिसिंगची गडबड सुरू होते आणि जवळजवळ प्रत्येक घरात एक वाक्य ऐकू येतं, ‘मॅडम, गॅस कमी झालाय, भरावा लागेल.’ आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीत काम करताना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या या तक्रारी माझ्यापर्यंत येतात. सहाशे-सातशे रुपयांच्या सर्व्हिसिंगसाठी बोलावलेला माणूस तीन-साडेतीन हजार घेऊन जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच एसीचा गॅस पुन्हा ‘संपलेला’ असतो. घरात दोन-तीन एसी असतील तर हिशेब कुठे जातो ते वाचकांना सांगायला नको. यात निवृत्तिवेतनावर जगणारी मंडळी सर्वाधिक भरडली जातात, म्हणून हे पत्र.

एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता शोषतो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती सोडून देतो आणि कॉम्प्रेसर त्याला पुन्हा फिरवतो. नळ्या आणि सांधे शाबूत असतील तर कारखान्यात भरलेला गॅस वर्षानुवर्षं पुरतो. तो खरोखरच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तोही निघून जातो आणि आपण दुसऱ्यांदा पैसे मोजतो.

पुष्कळदा तर गॅस कमी नसतोच. फिल्टर धुळीने गच्च झाला, कॉइलवर मळाचा थर बसला की हवा पुरेशी खेळत नाही. थंडावा कमी होतो, कॉइलवर बर्फ धरतो, मग तो वितळून पाणी भिंतीवरून खाली येतं. गॅस कमी झाल्यावरही नेमका बर्फच धरतो, त्यामुळे बर्फ दाखवून ग्राहकाला पटवणं फार सोपं जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी फिल्टर आणि दोन्ही कॉइल स्वच्छ धुवायच्या, एसी काही वेळ चालवायचा आणि मगच गॅसचा दाब मोजणारा गेज लावायचा. फिल्टर तर घरच्या घरी निघतो. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला साध्या पाण्याखाली धुऊन सावलीत वाळवला तर पदरचा एक रुपयाही जात नाही.

खरी गळतीही आपल्याकडे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एक जागा म्हणजे पाइप जिथे युनिटला नटने जोडलेला असतो तो सांधा. एसी एका घरातून दुसऱ्या घरात हलवताना हे काम घाईत झालं की तिथून गॅस झिरपतो. दुसरं कारण आपल्या परिसराचं आहे. खाडीवरून येणारी खारट दमट हवा बाहेरच्या कॉइलचे पातळ पत्रे खाते. सांडपाण्याच्या नाल्यातून सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू तांब्याला काळं पाडतो आणि हळूहळू पोखरतो. नाल्याकाठच्या इमारतींत राहणाऱ्यांनी एसी घेताना कॉम्प्रेसरवरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीची जाहिरात वाचून थांबू नये. कॉइलवर किती वर्षं, तिच्यात गळतीने झालेलं नुकसान धरलं आहे का, आणि कॉइल बदलल्यावर गॅसचे पैसे कोण देणार, हे विचारून घ्यावं. वार्षिक देखभालीचा करार करतानाही हेच प्रश्न विचारावेत. स्वस्तातल्या करारात बहुधा वर्षाच्या दोन-तीन फेऱ्या असतात, गॅस आणि पीसीबी (एसीचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) त्यात नसतात.

गळती सापडली तर पुढचं काम वीस मिनिटांत उरकण्यासारखं नाही. गळती बुजवायची, नळ्यांत नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहायचं, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढायची आणि मग काट्यावर मोजून गॅस भरायचा. किती भरायचा तेही गुपित नाही. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. तरीही बिलावर ‘गॅस चार्जिंग’ एवढंच लिहिलेलं असतं, किती ग्रॅम त्याचा पत्ता नसतो. सोनार आणि किराणा दुकानदार दोघांकडेही आपण वजन पाहिल्याशिवाय पैसे देत नाही, मग इथेच का द्यावेत?

प्रश्न फक्त पैशांचा नाही. आजच्या बऱ्याच नव्या एसींमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो. काही मॉडेलमध्ये आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन असतो. हे काम न शिकलेल्या माणसाच्या हाती देणं धोक्याचं आहे. शिवाय आर-३२ हवेत सुटला तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट असतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख मेकॅनिकना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. हे प्रमाणपत्र आपल्या दारात आलेल्या माणसाकडे आहे का, हे ग्राहकाला कळण्याची सोय मात्र मला कुठे दिसत नाही.

आता मेकॅनिकची बाजू. मी त्यांना चोर म्हणायला बसलेले नाही. सहाशे रुपयांतून मध्यस्थाचं कमिशन, पेट्रोल, मदतनिसाची मजुरी वजा केली तर त्या मुलाच्या हातात काय उरतं? सर्व्हिसिंगचा दर ग्राहक ओढण्यासाठी मुद्दाम पडेल ठेवायचा आणि कमाई गॅस व सुट्या भागांतून काढायची, हा या धंद्याचा ढाचाच झाला आहे. मला विचाराल तर नीट, तासभर वेळ देऊन केलेल्या सर्व्हिसिंगला हजार रुपये द्यायला माझी तयारी आहे. पण मग त्याने कॉइल समोर उघडून धुवावी, ड्रेन पाइप साफ करावा, क्लॅम्प मीटरने करंट मोजून कागदावर लिहून द्यावा.

आणि ही मुलं काम कुठे उभं राहून करतात तेही पाहा. सातव्या-आठव्या मजल्याच्या वीतभर सज्जावर, एका हाताने ग्रिल धरून, कमरेला पट्टा नाही. बाहेरचं युनिट बिल्डरने अशा जागी ठेवलेलं असतं की तिथे माणूस उभा राहील याचा विचारच झालेला नसतो. अशा जागी बाहेरची कॉइल नीट धुतली जाणं शक्यच नाही. मग ती तशीच राहते आणि विजेचं बिल वाढतं. प्रत्येक सोसायटीने सुरक्षा पट्टा आणि दोर विकत घेऊन ठेवावा आणि तो बांधल्याशिवाय कुणालाही बाहेर पाऊल टाकू देऊ नये. आमच्या सभेत हा विषय मी मांडला आहे.

बिलाबाबत कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिलेल्या सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण नुसतं बिल पुरेसं नाही. गळती कुठे सापडली, कोणता गॅस, किती ग्रॅम भरला आणि पुन्हा गळती झाल्यास किती महिने फुकट दुरुस्ती, या चार गोष्टी बिलावर लिहिणं कंपन्यांना, ॲपवाल्यांना आणि नाक्यावरच्या दुकानदारांना सारखंच बंधनकारक करावं, अशी माझी राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे मागणी आहे. महापालिकेनेही नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करताना बाहेरच्या युनिटसाठी माणूस उभा राहू शकेल असा कठडा असलेला ओटा दाखवायला लावावा.

आपली,
एक सोसायटी सदस्य, ठाणे (पश्चिम)